'मराठी' शाबूत, 'महाराष्ट्र' फुटला: डॉसवर ऑफलाइन मेल रीडर

रात्रपाळी | शनिवार, रात्री ११:४२

मंडळी, गेले तीन आठवडे घरच्यांची बोलणी खात एक उद्योग चालवलाय आणि आता एका जागी अडलोय. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरचा पेंटियम १३३ खाली आला. भंगारात जायचा, तो माझ्या खोलीत आला. ३२ एमबी रॅम, डॉस ६.२२, जोडीला विंडोज ९५. सीमॉसचा सेल मेलेला, त्यामुळे दर वेळी हार्ड डिस्कचे सिलिंडर-हेड-सेक्टर हातानं भरायचे. सेल बदलला, फ्लॉपीचा पट्टा बदलला आणि कर्सर लुकलुकायला लागला. मग प्रश्न पडला, की याच्यावर करायचं काय? गेम सगळेच खेळतात. मला बीबीएस बघायचं होतं, म्हणजे मोडेमनं फोन लावून जिथे संदेश वाचायचे-लिहायचे तो 'बुलेटिन बोर्ड'. २०२४ च्या ऑक्टोबरात वॉर्ड क्रिस्टन्सन गेले तेव्हा वाचलं होतं, की शिकागोत बर्फानं सगळं ठप्प झालं म्हणून ते आणि रँडी स्यूस पहिला असा बोर्ड रचायला बसले आणि १६ फेब्रुवारी १९७८ ला तो लोकांसाठी सुरू झाला. ते डोक्यात राहिलं होतं.

बोर्ड अजून शेकड्यांनी आहेत. फोन लाइन जाऊन टेलनेट (इंटरनेटवरून बोर्डाला जोडून घ्यायची पद्धत) आलं, एवढंच. हे यंत्र थेट इंटरनेटवर न्यायचं नव्हतं म्हणून मधे रास्पबेरी पाय हा छोटा संगणक बसवला. त्यावर टीसीपीसर नावाचा प्रोग्राम मोडेमचं सोंग घेतो. डॉसवरच्या टेलिक्स या फोन फिरवणाऱ्या प्रोग्रामला वाटतं आपण फोन फिरवतोय. 'एटीडीटी'पुढे नंबराऐवजी बोर्डाचा पत्ता लिहायचा, दोन सेकंदांत 'कनेक्ट'. नल-मोडेम केबल लॅमिंग्टन रोडवर मिळाली. दुकानदारानं आधी धूळ पुसली, मग केबलकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघितलं.

खरी मजा ऑफलाइन रीडरची. बोर्डावर बसून संदेश वाचायचेच नाहीत. बोर्डाला सांगायचं, शेवटच्या भेटीनंतरचं सगळं एका पाकिटात बांधून दे. झेडमोडेमनं (फाइल चढवा-उतरवायची जुनी पद्धत) पाकीट उतरवायचं, फोन ठेवायचा, मग निवांत वाचायचं, उत्तरं लिहायची आणि उत्तरांचं उलटं पाकीट पुढच्या फेरीला चढवायचं. या पाकिटाचा सर्वांत पसरलेला साचा म्हणजे क्यूडब्ल्यूके. मार्क हेरिंग यांनी १९८७ मध्ये पीसीबोर्ड हे बोर्ड-सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी तो काढला. ती साधी झिप फाइल असते. आत 'मेसेजेस डॅट'मध्ये सगळे संदेश १२८-१२८ बाइटच्या ठोकळ्यांत एकापुढे एक, 'कंट्रोल डॅट'मध्ये विभागांची यादी. उत्तरांची फाइल '.रेप'. बस.

(नव्यानं करणाऱ्यांसाठी: झिप उघडणारा पीकेअनझिप १.१० असेल तर पाकीट उघडणार नाही. २.०४जी घ्या. माझी एक आख्खी रात्र यात गेली.)

आता अडचण. मराठीत लिहून बघितलं. रीडरनं मधेच अक्षरं बदलू नयेत म्हणून '.रेप' पाकीट लॅपटॉपवर पायथननं स्वतः बांधलं, मजकूर यूटीएफ-८, म्हणजे युनिकोड साठवायची आजची नेहमीची पद्धत. एकच वाक्य: 'मराठी महाराष्ट्र'. दोन ठिकाणी टाकलं, एक बोर्डाच्या स्थानिक विभागात, दुसरं फिडोनेट या बोर्डाबोर्डांत संदेश पोचवणाऱ्या जाळ्याच्या टेस्ट एकोमध्ये, म्हणजे चाचणीच्या सामाईक विभागात. दोन दिवसांनी दुसऱ्या बोर्डावरून पाकीट उचलून बाइट तपासले.

स्थानिक संदेश जसाच्या तसा. एकोमधला असा: 'मराठी' ठणठणीत. 'महाराष', मग काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह, मग 'ट', परत प्रश्नचिन्ह, मग 'र'.

पाच वेळा करून बघितलं, दर वेळी तेच. मराठी शाबूत, महाराष्ट्र फुटतो. यात कुणी राजकारण आणू नका, कारण सांगा.

---

चहाटळ | शनिवार, रात्री ११:५८

पहिला प्रतिसाद माझा! राजकारण न आणता एवढंच म्हणतो, की महाराष्ट्र फुटण्याचं कारण तुमच्या पेंटियमच्या आधीचं आहे.

बाकी प्रामाणिक शंका. दोन दिवस थांबून एक ओळ वाचायची, तीही फुटकी. व्हॉट्सॲप काय वाईट आहे?

---

मोडेमवाली | रविवार, सकाळी ७:१५

चहाटळ, दोन दिवस थांबण्यातच तर गंमत होती हो.

रात्रपाळी, तुमचा धागा वाचून पोटात कालवलं. १९९४ ला मी माटुंग्याला, बारावीत. दादाचा २४०० चा मोडेम, फोन घरातला एकच आणि तोही हॉलमध्ये, टीव्हीशेजारी. मुंबईतले बरेच बोर्ड घरच्याच फोनवर चालायचे, म्हणून रात्री अकरानंतर. दिवसा त्या नंबरावर चुकून फोन लावला तर कुणाच्या तरी आजी उचलायच्या.

२४०० वर सेकंदाला साधारण २४० अक्षरं येतात. म्हणजे ओळी डोळ्यांदेखत उमटतात, तुम्ही त्यांच्या पुढे वाचायला बघता आणि थांबून राहता. ऑनलाइन शंभर संदेश वाचायचे तर तास गेला. तेच झिप केलेलं पाकीट ४० केबीचं असलं तर तीन मिनिटांच्या आत घरात. बोर्डाची रोजची वेळ ठरलेली असायची, लाइन एकच, मागे दहा जण एंगेज टोन ऐकत बसलेले. त्यामुळे ऑनलाइन वाचत बसणारा माणूस म्हणजे सार्वजनिक नळावर आंघोळ करणारा. ऑफलाइन रीडर वापरणं ही सभ्यता होती.

दादा ब्लू वेव्ह वापरायचा, मी एसएलएमआर. सिली लिटल मेल रीडर. नाव तसं, काम चोख. मराठी आम्ही रोमनमध्येच लिहायचो, त्यामुळे आमचं काही फुटलं नाही. फुटायचं ते कनेक्शन. आई उठून मावशीला फोन लावायला रिसीव्हर उचलायची, स्क्रीनवर कचरा आणि मग 'नो कॅरिअर'. आईला त्या आवाजाची इतकी धास्ती बसली की नंतर रिसीव्हर उचलायच्या आधी ती आतून ओरडून विचारायची, "तुमची ती किंकाळी चालू नाही ना?"

अवांतर: त्याच सुमारास दूरसंचार खात्यानं बीबीएस चालवणाऱ्यांवर वर्षाला १५ लाखांची परवाना फी काढली होती. घरातल्या एका फोनवर, पदरमोड करून बोर्ड चालवणाऱ्या पोरांवर! मग १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलचं इंटरनेट आलं आणि एकेकानं दुकान गुंडाळलं.

---

उकार_वेलांटी | रविवार, सकाळी ९:३०

रात्रपाळी, तुमचा दोषी पकडला. नाव ८डी, हेक्स आकड्यांत लिहिलेला एक बाइट.

जुन्या वर्डप्रोसेसरांत, वर्डस्टारमध्ये उदाहरणार्थ, ओळ दोन प्रकारे संपायची. तुम्ही एंटर दाबलं तर ०डी, म्हणजे खरी ओळ. प्रोग्रामनं जागा संपली म्हणून स्वतः ओळ मोडली तर त्याच ०डीचा वरचा बिट चढवून ८डी, म्हणजे तात्पुरती ओळ, 'सॉफ्ट रिटर्न'. १९८४ मध्ये टॉम जेनिंग्जनी फिडो सुरू केलं तेव्हाच्या संपादकांतून हे ८डी संदेशांत यायचं. म्हणून फिडोच्या मूळ नियमपत्रातच, एफटीएस-०००१ मध्ये, लिहून ठेवलं की ८डी दिसलं तर दुर्लक्ष करा. इंग्रजीचं त्यात काही जात नव्हतं.

आता आपला हलन्त घ्या. युनिकोडमध्ये तो ०९४डी. यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट: ई०, ए५, ८डी.

लागला दिवा? वाटेतल्या एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरनं नियम पाळून ८डी गिळलं. उरलं ई० ए५, अर्धवट. तेच तुमचं काळं प्रश्नचिन्ह. 'मराठी'त जोडाक्षर नाही म्हणून ती वाचली. 'महाराष्ट्र'त दोन हलन्त, दोन प्रश्नचिन्हं. मोजून बघा.

आणखी दोन बळी. 'ऍ' (ई० ए४ ८डी) आणि अक्षरं जोडणारा तो अदृश्य शून्य-रुंदी जोडक (ई२ ८० ८डी). म्हणजे काही लोक 'अ‍ॅ' ज्या पद्धतीनं टंकतात तोही गेला.

रशियन मंडळींनी हे दुखणं वर्षानुवर्षं काढलंय. त्यांच्या सीपी८६६ तक्त्यात मोठा 'न' नेमका ८डीवर. फिडोवर तो गायब व्हायचा. दिसायला तो रोमन एचसारखाच, म्हणून त्यांनी सरळ रोमन एच टंकायला सुरुवात केली. गोल्डएड या संपादकात तर त्यासाठी वेगळी सोय आहे, 'डिस्पसॉफ्टसीआर' चालू करायचं. पण ती दाखवण्यापुरती. मधल्या टपालवाल्यानं बाइट खाऊन टाकला असेल तर तुमच्या खिडकीत काच पुसून उपयोग नाही.

---

खोडरबर | रविवार, सकाळी १०:०४

मग आपणही रशियनांसारखं करू. हलन्ताच्या जागी दुसरं काहीतरी.

---

उकार_वेलांटी | रविवार, सकाळी १०:११

@खोडरबर, त्यांचं एक अक्षर होतं. आपल्याकडे 'आणि'नंतरचा पहिला शब्द 'त्या' निघतो.

---

रात्रपाळी | रविवार, दुपारी १:२०

उकार_वेलांटी, दंडवत! हेक्समध्ये बघितलं, जिथे जिथे प्रश्नचिन्ह तिथे ई० ए५ आणि पुढचं बाइट बेपत्ता. तीन आठवडे मी माझ्या पायथनला शिव्या देत होतो.

आणि डॉसच्या पडद्यावर हे कसं दिसतं तेही सांगतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन खुणांचं. पहिली कायम ग्रीक आल्फा, दुसरी डोक्यावर लाट असलेला एन, तिसरी बदलती. 'म' म्हणजे शेवटी दुहेरी कोनकंस, 'र' म्हणजे विरळ ठिपक्यांचा चौकोन. आठवडाभर बघून 'र' ओळखायला लागलोय. बायको म्हणाली, आता डॉक्टरकडे जाऊ या.

मोडेमवाली, 'सार्वजनिक नळ' भिंतीवर लिहून लावतोय.

अजून एक सापडलं ते इथेच टाकतो. क्यूडब्ल्यूकेच्या माथ्यात 'प्रति', 'प्रेषक' आणि 'विषय' यांना प्रत्येकी फक्त २५ बाइट. तीन बाइटला एक चिन्ह, म्हणजे आठ चिन्हं आणि एक बाइट वाया. 'तुकाराम' सात चिन्हांचे, मावतात. 'ज्ञानेश्वर' दहा चिन्हांचे, 'ज्ञानेश्'पाशी पाय मोडून पडतात. सिंक्रोनेटसारखे आजचे बोर्ड लांब विषयासाठी पाकिटात 'हेडर्स डॅट' नावाची जादा फाइल घालतात, पण तीस वर्षांपूर्वीच्या रीडरला ती कुठून कळणार?

---

निवृत्त_लेखनिक | रविवार, दुपारी ४:४५

नमस्कार. मी एका जिल्हा कार्यालयात ३१ वर्षं काढली. बीबीएस वगैरे कधी पाहिलं नाही, पण डॉसवर मराठी रोज टंकली आहे, म्हणून लिहितो.

आमच्याकडे १९९२ पासून जिस्ट कार्ड होतं, पुण्याच्या सी-डॅकचं. संगणकाच्या पोटात बसवायचं हिरवं कार्ड. ते बसवलं की डॉसच्या कुठल्याही साध्या प्रोग्राममध्ये देवनागरी उमटायची, डीबेसमध्येसुद्धा. कळपाट इन्स्क्रिप्ट. त्याची संकेतप्रणाली इस्की, १९९१ ची भारतीय मानक. तिच्यात एका चिन्हाला एकच बाइट लागतो, तीन नाही. ती ए१च्या पुढेच सुरू होते, त्यामुळे आपला ८डी तिच्यात नाहीच. ज्ञानेश्वर महाराज दहा बाइटांत आरामात बसतील.

तक्ता माझ्या डायरीत मागच्या पानावर आहे, कारण कार्ड बिघडलं की आम्ही आकड्यांवरून फाइल वाचायचो. हवा असल्यास टंकून देतो.

---

रात्रपाळी | रविवार, संध्याकाळी ५:०२

काका, तुम्ही देवमाणूस आहात. तक्ता आयसीयूच्या यूकॉन्व्हमध्ये (मजकूर एका संकेतप्रणालीतून दुसरीत नेणारा प्रोग्राम) मिळतोय, टंकायचा त्रास नको. आजच पाठवतो इस्कीत.

---

बर्फातला_बोका | रविवार, रात्री ८:३०

आमच्याकडे सकाळ. इथे विद्यापीठात शिकत असताना, '९५ च्या आसपास, आमचा ऑफलाइनचा मार्ग निराळा होता. युनिक्सच्या शेल खात्यावर यूक्यूडब्ल्यूके नावाचा प्रोग्राम होता. तो यूजनेट या चर्चागटांच्या जाळ्यावरचे संदेशच क्यूडब्ल्यूके पाकिटात बांधून द्यायचा. लॅबमधून फ्लॉपीवर घ्यायचं, खोलीवरच्या ३८६ वर वाचायचं. त्यातला सॉक-कल्चर-इंडियन-मराठी हा गट मी असा वाचलाय, भांडणांसकट. मराठी रोमनमध्ये, काही जण अविनाश चोपड्यांच्या आयट्रान्सच्या पद्धतीनं, म्हणजे मोठ्या-छोट्या रोमन अक्षरांनी ण आणि न वेगळे. 'पाणी' आणि 'पानी' यावरून तिथे झालेली हाणामारी अजून आठवते.

मुद्दा असा, की सात बिटांचं रोमन कुठेच फुटत नाही. ज्या गावात रस्ता बैलगाडीचा आहे तिथे बैलगाडीच न्यावी.

---

खोडरबर | रविवार, रात्री ८:५१

बोकोबा, बैलगाडीनंच जायचं तर इस्की ही बैलगाडीच आहे की. १९९१ ची. रोमन म्हणजे पायी.

---

मोडेमवाली | रविवार, रात्री ९:२०

मला बोक्याचं पटतं आणि नाही पटत. आम्ही रोमनमध्ये लिहिलं कारण दुसरं काही हातात नव्हतं. लिहिताना भाषा आपोआप सोपी व्हायची, जोडाक्षरं टाळायचो, 'दृष्टी' लिहायची वेळ आली की 'नजर' लिहायचो. ते मला अजून खटकतं. रात्रपाळींनी तसं करू नये.

---

रात्रपाळी | बुधवार, रात्री १२:१५

निकाल घेऊन आलोय. बसा.

इस्कीत एक जरा लांब संदेश लिहिला, मुद्दाम सगळी चिन्हं येतील असा. फिडोच्या एकोमधून तो गेला आणि दुसऱ्या बोर्डावर पोचला. क्यूडब्ल्यूके पाकीट उचललं, परत यूटीएफ-८ केलं. 'महाराष्ट्र' आला! दोन्ही हलन्तांसकट! खुर्चीवरून उठलो मी.

मग पुढची ओळ वाचली. मी लिहिलं होतं: 'कालची मॅच बघितली का, शेवटचा कॅच सुटला.' आलं असं:

कालची म
च बघितली का, शेवटचा क
च सुटला.

'मॅच'मधला ॅ गायब आणि तिथून नवी ओळ. 'कॅच'चं तेच. 'ऑफिस' नीट. 'बँक' नीट. फक्त ॅ.

काका, तुमच्या तक्त्यात ॅ कुठे आहे? मी बघितलाय, पण तुमच्या तोंडून ऐकायचंय.

---

निवृत्त_लेखनिक | बुधवार, सकाळी ६:४०

डायरी काढली. ए-मात्रा ई१, ऐ-मात्रा ई२, अर्धचंद्र ई३.

---

उकार_वेलांटी | बुधवार, सकाळी ८:०५

हाहाहा. अरे देवा.

क्यूडब्ल्यूकेमध्ये ओळ संपल्याची खूण ई३ असते. पीसीबोर्डवाल्यांनी जागा वाचवायला ०डी-०ए या दोन बाइटांऐवजी एकच वापरला. आयबीएमच्या तक्त्यात ई३ म्हणजे पाय हे ग्रीक अक्षर. मजकुरात पाय कोण लिहितंय, असा त्यांचा हिशोब. गणिताच्या मास्तरांनी लिहिलं असेल तर त्यांची ओळ तुटली असेल, बाकी कुणाला फरक पडला नाही.

आणि तोच बाइट आपल्या अर्धचंद्राचा. हिंदीवाल्यांना कळणारसुद्धा नाही, ते 'मैच' लिहितात. ही खास मराठीची गोळी आहे.

म्हणजे हिशोब असा झाला: यूटीएफ-८ मध्ये ई३ देवनागरीत कुठेच येत नाही, म्हणून क्यूडब्ल्यूके पार पण फिडो हलन्त खातं. इस्कीत ८डी नाही, म्हणून फिडो पार पण क्यूडब्ल्यूके अर्धचंद्र खातं. इस्कीत मॅच फुटते, यूटीएफमध्ये कुस्ती.

---

चहाटळ | बुधवार, सकाळी ८:१९

कबड्डी तर दोन्हीकडे चालली पाहिजे?

---

उकार_वेलांटी | बुधवार, सकाळी ८:२२

'ब्ड'... म्हणजे 'ड्ड'. हलन्त आहे. फुटेल.

---

चहाटळ | बुधवार, सकाळी ८:२४

खो-खो!

---

उकार_वेलांटी | बुधवार, सकाळी ८:२५

खो-खो जाईल.

---

मोडेमवाली | बुधवार, सकाळी १०:४०

एक विचारू का? क्यूडब्ल्यूकेच कशाला? दादाला आत्ता फोन केला, तो म्हणतो ब्लू वेव्हच्या पाकिटात असं काही नव्हतं. फाइली वेगळ्या असायच्या, एक मजकुराची आणि एक यादीची. यादीत लिहिलेलं, अमुक संदेश मजकुराच्या फाइलीत तमुक जागी सुरू आणि इतका लांब. म्हणजे ओळ संपल्याची खूण वेगळी शोधायलाच नको ना? दादा आता मधमाश्या पाळतो, त्यामुळे चूकभूल द्यावी घ्यावी.

---

उकार_वेलांटी | बुधवार, सकाळी ११:१५

दादांना मधासाठी शुभेच्छा, त्यांना बरोबर आठवतंय. ब्लू वेव्ह मजकुराला हात लावत नाही. शिवाय नावांना ३६ बाइट आणि विषयाला ७२, फिडोइतकेच. म्हणजे फिडो आणि ब्लू वेव्ह मिळून इस्की आरपार गेली पाहिजे. प्रश्न एवढाच, की आज ब्लू वेव्हचं दार, म्हणजे बोर्डाला जोडलेला पाकिटं बांधणारा प्रोग्राम, ठेवणारा बोर्ड मिळेल का? नवी बोर्ड-सॉफ्टवेअरं बहुतेक क्यूडब्ल्यूकेच देतात.

(आणि फिडोचा हट्ट नसेल तर डव्ह-नेटवर यूटीएफ-८ जाईल. ते सिंक्रोनेटवाल्यांचं क्यूडब्ल्यूकेवर चालणारं जाळं आहे. पण डॉसच्या पडद्यावर परत आल्फा आणि लाटेचा एन.)

---

रात्रपाळी | रविवार, रात्री १:५०

मिळाला. जुन्या डॉस सॉफ्टवेअरवरच चालणारा एक बोर्ड, ब्लू वेव्हच्या दारासकट. पहिल्या दोन वेळा झेडमोडेम पडताळणीच्या (सीआरसी) चुका देत बसला. टेलनेटमध्ये एफएफ बाइटला खास अर्थ असतो, तो डेटात आला तर दुप्पट करून पाठवावा लागतो. आमच्या सोंगाड्या मोडेमची एक बाजू टेलनेट समजत होती, दुसरी नाही. ते जुळवल्यावर पाकीट १९२०० वर दीड मिनिटात आलं.

हेक्स उघडला. म, ई३, च. ई३ जागच्या जागी. 'महाराष्ट्र'त ई८ दोनदा, म्हणजे दोन्ही हलन्त. 'ज्ञानेश्वर' प्रेषकाच्या रकान्यात पूर्ण. मॅच आली, कॅच आला, कबड्डीपण आली (चहाटळ, खास तुमच्यासाठी घातली होती).

रात्री दीडला घरात ओरडता येत नाही, म्हणून इथे ओरडतोय.

आता एकच उरलं. पेंटियमवर ब्लू वेव्ह उघडलं की अजून ग्रीक अक्षरं, रेघा आणि चौकोनच दिसतात. बाइट बरोबर आहेत, वाचायला लॅपटॉप लागतो. मग या यंत्राचा उपयोग काय, असं घरचे विचारणार आणि बरोबर विचारणार.

काका, जिस्ट कार्ड बसवलं की डॉसच्या कुठल्याही साध्या प्रोग्राममध्ये देवनागरी उमटते म्हणालात ना? ब्लू वेव्ह साधाच प्रोग्राम आहे. असं कार्ड आता कुणाकडे असेल? पुण्यात, कुठे भंगारात, कुठल्या कार्यालयाच्या कपाटात?

---

निवृत्त_लेखनिक | रविवार, सकाळी ६:१०

कार्यालयातलं सगळं केव्हाच लिलावात गेलं. पण एक कार्ड मी तेव्हाच रीतसर पावती करून घेतलं होतं, घरी मुलीला शिकवायला. ते पत्र्याच्या पेटीत असावं. पेटीवर गाद्या आहेत, मुलगा आला की उतरवतो.

तुमच्या मदरबोर्डवर आयसा स्लॉट आहे का, ते आधी बघा. लांब काळा असतो तो.

---

रात्रपाळी | रविवार, सकाळी ६:१४

तीन आहेत काका. एकात साउंड कार्ड, दोन रिकामे. गाद्या उतरवायला मीच येतो, फक्त गाव सांगा.